बिनलेबलाची बरणी

लिंबाजी नरवाडे कुठलीही वस्तू तीनदा वाचतात. बिस्किटाचा पुडा असो, मिठाची पिशवी असो की पारूबाईंच्या गुडघ्याला लावायची मलमाची नळी असो. हातात घेताना एकदा, उघडताना एकदा आणि जागेवर ठेवताना एकदा. जळकोटला त्यांच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते लांबून येताना दिसले की किराणा दुकानदार बाकीच्या गिऱ्हाइकांना म्हणतो, "सरका रे, परीक्षक आले." लिंबाजी ओशाळं हसतात आणि पुडा उलटा करून बारीक अक्षरं शोधायला लागतात.

बत्तीस वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काढली. त्यातली पहिली बरीचशी किनवटकडच्या डोंगरात, एका लहानशा दवाखान्यात. तीनदा वाचायचं हे त्यांना शिकतानाच सांगितलं होतं. तसं ते सगळ्याच कंपाउंडरांना सांगतात आणि बाकीचे वर्षभरात विसरतात. लिंबाजी का विसरले नाहीत, हे मात्र पारूबाईंनाही माहीत नव्हतं. माणूसच भित्रा आहे, एवढंच त्या समजून होत्या.

मुलगा अश्वजित आणि सून चाकणला कंपनीत. त्यांची मुलगी प्रियदर्शनी पाचवीपासून आजी-आजोबांजवळच वाढली. घरात ती दर्शू. वय तेवीस. पोलीस भरतीची ही तिची दुसरी खेप. मागच्या वेळी तीन मार्कांनी गेलं होतं. ते तीन मार्क घरात कुणी तोंडाने काढत नसे, पण जेवायला बसलं की ते पाटाला पाट लावून बसलेले असत. या वर्षी ती लातूरला खोली करून राहिली होती, रोज पहाटे अकॅडमीच्या मुलींबरोबर मैदानावर पळत होती.

ग्राउंड तीन दिवसांवर आलं तेव्हा ती कागदपत्रं न्यायला जळकोटला आली. भरतीच्या पोरी शारीरिक चाचणीला ग्राउंडच म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पळायला निघण्याआधी ती स्वयंपाकघरात उभी राहिली आणि पिशवीतून लाल झाकणाची लोणच्याची धुतलेली बरणी काढली. आत फिकट गुलाबी पावडर होती. पोहे खायच्या चमच्याने वर डोंगर करून तिने एक चमचा घेतला, पेल्यातल्या पाण्यात ढवळला आणि डोळे मिटून पिऊन टाकला.

लिंबाजी दारात दात घासत उभे होते. ते तिथेच थांबले.

"काय गं ते?"

"शक्तीचं हाय, आबा. पळायच्या आधी घ्यायचं असतं."

"डबा कुठाय त्याचा?"

"डबा शिवानीपाशी. चौघींनी मिळून घेतला अन् वाटे केले. लई महाग हाय ते."

"अन् लेबल?"

"लेबल काय चौघींनी फाडून वाटून घ्यायचं का?" दर्शू हसली आणि बुटाची नाडी बांधायला लागली.

पारूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "झालं यांचं सुरू. आता लेकरानं पाणी प्यायचं म्हणलं तरी कागद दाखव म्हणतील."

दर्शू पळायला गेल्यावर लिंबाजींनी बरणी उघडून वास घेतला. लिंबाचा वास, गोळीसारखा. बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं. आधी आंबट लागलं, मग गोड, आणि त्या दोन्हींच्या मागून कडू आलं. ते कडू जिभेच्या मुळाशी बसलं आणि चूळ भरली तरी हललं नाही. कुणीतरी कडू वस्तू झाकायला एवढा लिंबू ओतला होता. कुठली वस्तू, हे बरणी सांगत नव्हती. बरणीवर एक अक्षर नव्हतं.

त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि बरणी पिशवीत ठेवली.

दहा वाजता दर्शू ग्राउंडच्या दिवशी द्यायचा फॉर्म भरायला बसली. सही करताना तिच्या पेनाचं टोक कागदावर टिकटिक वाजत होतं, हात इतका कापत होता. लिंबाजींनी तिचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे बघत राहिले. शांत बसलेल्या पोरीची नाडी एकशे चोवीस.

"झोप लागती का गं?"

"न्हाई येत हल्ली. बरंच हाय की, जनरल नॉलेज तेवढंच वाचून होतं."

"छातीत धडधड?"

"टेन्शन हाय, आबा. ग्राउंडच्या दिवशी तर अकॅडमीचे सर दोन चमचे घ्या म्हणलेत. दोन घेतले की पाय जमिनीला टेकत न्हाईत म्हणून राहिले सगळे."

दोन चमचे. लिंबाजींनी मनगट सोडलं.

बोलावं की नाही, हे त्यांना दिवसभर उमगलं नाही. आपलं वय चौऱ्याहत्तर. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. आपल्या काळात मिक्श्चरच्या बाटल्या होत्या, पुड्या होत्या. या नव्या पावडरींतलं आपल्याला काय कळतं? आणि आपल्या भित्रेपणापायी पोरीचं मन खचलं, पाय जड पडले, पुन्हा तीन मार्क गेले तर? ते तीन मार्क मग जन्मभर आपल्या नावावर. पण न बोलावं, तर दोन चमचे. अंगणात ते उठत, दोन पावलं चालत, परत बसत.

संध्याकाळी त्यांनी पारूबाईंना सांगितलं, "मी जातो तिच्यासंगं लातूरला."

"तुम्ही? पळायला?"

"हाव. मागून पळतो."

दर्शू कुरकुरली, "आबा, पोरी हसतील मला." पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत तिच्या शेजारी ते बसले होते, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत भिंग.

शिवानी दर्शूच्या खोलीतली, उदगीरच्या एका किराणा दुकानदाराची मुलगी. गळ्यात इष्टलिंग, तोंडात अखंड बडबड. तिचं ग्राउंड अजून आठ दिवसांनी होतं. तिने लिंबाजींना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाली, "आजोबा, ही रोज तुमचं सांगती. मिठाच्या पुड्यावर काय लिव्हलंय ते तुम्हाला पाठ हाय म्हणं."

"तुमचा तो डबा बघायचा होता, बाळ."

डबा काळा, चकचकीत, हातभर उंच. त्यावर वाघाचं चित्र असलेला पिवळा कागद चिकटवलेला. लिंबाजी खिडकीजवळ गेले आणि भिंग लावून वाचायला लागले. बाहुवेग शक्तीचूर्ण. शंभर टक्के आयुर्वेदिक. दुष्परिणाम नाहीत. घटक: अश्वगंधा, शतावरी, गोखरू, सफेद मुसळी व इतर. मात्रा: एक चमचा, गरजेनुसार वाढवावी.

'व इतर' पाशी ते थांबले. 'गरजेनुसार वाढवावी' पाशी पुन्हा थांबले. मग खाली छापलेला खाद्य-परवान्याचा नंबर बोटाने मोजला. खाण्याच्या पुड्यांवर तो चौदा आकडी असतो, हे त्यांना सगळे पुडे वाचून वाचून माहीत झालं होतं. इथे बाराच आकडे होते. त्यांनी तीनदा मोजले. बाराच.

आणि मग त्यांचं बोट कागदाच्या कडेला अडखळलं. पिवळ्या कागदाखाली आणखी एक कड होती.

"थोडं गरम पाणी मिळंल का?"

दवाखान्यात ते जुन्या बाटल्या धुऊन पुन्हा वापरत. लेबल न फाडता कसं काढायचं, हे त्यांच्या बोटांना येत होतं. गरम पाण्याची ओली चिंधी कागदावर ठेवली, वाट पाहिली, नखाने कोपरा उचलला आणि वाघाला शेपटीकडून हळूहळू सोलला. दोन्ही मुली आधी हसत होत्या. खालचा इंग्रजी कागद दिसायला लागला तशा पुढे वाकल्या.

औषधांचं इंग्रजी लिंबाजींना वाचता येत होतं. एक स्कूप म्हणजे पाच ग्रॅम. त्यात कॅफीन तीनशे मिलिग्रॅम. दिवसातून एकाच स्कूपपेक्षा जास्त घेऊ नये. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी घेऊ नये. आणि अगदी तळाशी मुदतीची तारीख. ती गेल्या दिवाळीतच संपली होती.

"मग यात अश्वगंधा कुठाय?" शिवानीने विचारलं.

"वरच्या कागदावर," लिंबाजी म्हणाले. "स्कूप कुठाय?"

"स्कूप आलाच न्हाई. म्हणून तर चमच्यानं घ्यायलो."

लिंबाजींनी चमच्याच्या दांड्याने डब्यातली पावडर उकरली. तळाशी काहीतरी टकटक लागलं. बोटाच्या पेराएवढा हिरवा स्कूप पावडरीत गाडला गेला होता. त्यांनी पोहे खायचा चमचा वर डोंगर करून भरला, जसा दर्शू भरत होती तसा, आणि त्यातून स्कूप भरून भरून कागदावर रिकामा करायला लागले. एक. दोन. तीन. चमच्याच्या तळाशी तरी थोडी उरलीच.

म्हणजे रोजचे नऊशे. उद्याचे दोन चमचे म्हणजे अठराशे. चहाचे तीस-चाळीस कप एका दमात, रिकाम्या पोटी, आणि लगेच जिवाच्या आकांताने पळणं. हा हिशेब त्यांनी मुलींना मोठ्याने सांगितला नाही.

"उद्या घेऊ नकोस, दर्शू," एवढंच म्हणाले.

दर्शूचा चेहरा आक्रसला. "आबा, दोन महिने घेऊन राहिले मी. मेले का? एक दिवस घेतलं नव्हतं, तर डोकं फुटायची येळ आली अन् पाय उचलंनात. उद्या पाय न्हाई उचलले तर? तुम्हाला काय, तुम्ही सगळ्याच गोष्टीला भेता!"

"हाव. भेतो."

ते खुर्चीवर बसले. हातातला सोललेला वाघ गुडघ्यावर पसरून त्याच्या सुरकुत्या काढत राहिले. मग कुणाकडेही न बघता बोलायला लागले.

"दवाखान्यात दोन पांढऱ्या बरण्या होत्या. एक खायच्या सोड्याची, एक बोरिक पावडरची, जखमेवर टाकायची. पावसाळ्यात ओलीनं एकीचं लेबल गळून पडलं. मला वाटलं, मला तर माहीतच हाय कोणती कोणती. धोंडाबाई नावाची बाई आली, पोटात जळजळ म्हणून. मी तिला चार पुड्या बांधून दिल्या. एक तिनं तिथंच घेतली, दुसरी घरी जाऊन. दुपारी तिला बाजंवर घालून आणली. उलट्या, अंग लालभडक, डोळे पांढरे. डॉक्टर तालुक्याला मीटिंगला गेलेले. मी बरणी हुंगली अन् कळलं मला."

"मग?" शिवानी हळूच म्हणाली.

"दोन दिवस मीठ-साखरेचं पाणी पाजत बसलो तिच्या उशाशी. वाचली. डॉक्टर आले, काय झालं म्हणले. मी म्हणलं, काहीतरी खाल्लं असंल तिनं." लिंबाजी थांबले. "मी दुसरं काही बोललो न्हाई. पुढं दर वर्षी ती डोंगरातली सीताफळं घेऊन यायची माझ्यासाठी. कंपाउंडरबाबानं जीव वाचवला म्हणून. सोळा वर्षं आणली. मी एकबी खाल्लं न्हाई. तुझ्या आजीला वाटतं, मला सीताफळ आवडत न्हाई."

दर्शूने त्यांच्याकडे पाहिलं, मग बरणीकडे. "बघू," म्हणाली आणि बादली घेऊन पाणी आणायला गेली.

बरणी काढून घ्यावी, असं लिंबाजींना वाटलं. पण तेवीस वर्षांच्या पोरीच्या हातातून वस्तू हिसकावायची म्हणजे तिच्यावर आपला विश्वास नाही, असंच होतं. ते धाडस त्यांना झालं नाही. त्याऐवजी त्यांनी जे केलं, त्याची त्यांना अजून लाज वाटते. पूर्वी मिक्श्चरच्या बाटलीला खाचा पाडलेली कागदाची पट्टी डकवत. एक खाच, एक डोस. रोग्याने डोस घेतला की नाही, ते पट्टी सांगत असे. लिंबाजींनी वहीचा कागद कापला, खाचा पाडल्या, शिताने बरणीच्या मागच्या अंगाला डकवला आणि पहिली खाच पावडरीच्या रेषेला बरोबर जुळवली. शिवानी सगळं बघत होती.

रात्री ते एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी टेकले. उजाडण्याआधीच रिक्षा घेऊन मुलींच्या खोलीशी आले. दर्शू तयार होती. रस्ता खणून ठेवलेला, रिक्षा खड्ड्याखड्ड्यातून आदळत गेली. मैदानाच्या फाटकाशी तिने आपली पिशवी त्यांच्या हातात दिली. आत काही न्यायला बंदी होती.

"येते, आबा."

"घेतलं न्हाईस ना?" हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर ती रांगेत शिरली होती.

भिंतीला लागून पालकांची गर्दी होती. लिंबाजी एका दगडावर बसले, पिशवी मांडीवर घेतली. हात आपोआपच आत गेला. बरणी बाहेर काढली, उलटी फिरवली, पट्टी डोळ्यांजवळ धरली.

रेषा पहिल्या खाचेवर नव्हती. ती दुसऱ्या खाचेच्याही खाली गेली होती.

त्यांनी पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं. दोन चमचे.

भिंतीपलीकडे कुणीतरी शिट्टी वाजवली. लिंबाजींना आपल्या कानात ठोके ऐकू यायला लागले, आणि ते आपले आहेत की तिचे, हे कळेना. फाटकावर एक महिला पोलीस उभी होती. तिला सांगावं? सांगितलं आणि पोरीला नशा केली म्हणून बाहेर काढलं तर? दोन वर्षं मातीत. न सांगावं, आणि ती आत मैदानावर पडली तर? मग पुन्हा आपण म्हणायचं, काहीतरी खाल्लं असंल तिनं?

ते उठले, फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. पुन्हा गेले. "आजोबा, लाइनीच्या मागं," ती बाई म्हणाली. पुन्हा फिरले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मात्र तोंड उघडलं.

"बाई, माझी नात आत हाय. प्रियदर्शनी नरवाडे. पळायच्या आधी डॉक्टरला तिची नाडी बघायला लावा. मी कंपाउंडर होतो. पाया पडतो तुमच्या."

त्या बाईने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. काय दिसलं तिला कोण जाणे. दुसऱ्या शिपायाला फाटकावर उभं करून ती आत गेली.

त्यानंतरचा तास लिंबाजींनी कसा काढला, ते त्यांना सांगता येत नाही. भिंतीपलीकडे नावं पुकारली जात, शिट्टी होई, पावलांचा आवाज उठून विरून जाई. एकदा "पाणी आणा, पाणी" असं कुणीतरी ओरडलं. तेव्हा ते खालीच बसले.

दर्शू बाहेर आली ती पायांनी चालत आली. चेहरा घामाने निथळत होता आणि डोळ्यांत अंगार होता.

"सगळ्यांच्या म्होरं माझी नाडी बघायला लावली, आबा! डॉक्टर म्हणले, तुझे आजोबा रडायलेत बाहेर. अब्रू गेली माझी!"

"किती होती?"

"काय?"

"नाडी."

"अठ्ठ्याऐंशी." ती थांबली. "घेतलं न्हाई मी. चमचा भरला होता. खोटं कशाला बोलू? दोन्ही चमचे घ्यायचे म्हणूनच उठले होते. मग तुमची ती सीताफळवाली बाई आठवली. परत बरणीत टाकला."

लिंबाजींनी बरणी पुढे केली आणि पट्टी दाखवली. दर्शूने पट्टीकडे पाहिलं, मग आजोबांकडे. ती कशासाठी डकवली आहे, हे तिला कळायला वेळ लागला नाही. तिचा चेहरा आधी पडला. मग तिने बरणी घेतली आणि भिंतीच्या कट्ट्यावर दोनदा दणकन आपटली. पावडरीची रेषा त्यांच्या डोळ्यांदेखत आणखी अर्धी खाच खाली बसली.

"चूर्ण हाय ते, आबा. औषधाचं पाणी न्हाई. रिक्षात हादरून दबलं."

बत्तीस वर्षांचा कंपाउंडर. पातळ औषधाची पट्टी कोरड्या पावडरीला लावून बसला. लिंबाजींना हसू आलं नाही. ते कट्ट्यावर टेकले.

"आठशे मीटरला कशी आलीस?"

"रोजच्यापेक्षा नऊ सेकंद जास्त लागले." ती दुसरीकडे बघत म्हणाली. "डोकं फुटायलंय. गोळाफेक चांगली झाली. बघू आता लेखीचं."

नऊ सेकंद. त्याचे किती मार्क गेले, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली. आणि खोलीवरचा तो डबा, तसे दुकानादुकानांत रचलेले आणखी किती डबे, वाटे होऊन बिनकागदाच्या बरण्यांत गेलेली किती पावडर आज या भिंतीपलीकडे पळत असेल, ही दुसरी भीती पहिलीच्या मागोमाग आली. सोललेला वाघ त्यांच्या खिशात घडी करून ठेवलेला होता. सोमवारी अन्न-औषध कचेरीत जायचं आणि तक्रारीच्या अर्जाखाली आपलं पूर्ण नाव लिहायचं, असं ते कालपासून मनाशी घोकत होते. जमेल की नाही, खात्री नव्हती.

दर्शू त्यांच्या शेजारी येऊन बसली. अजून धापा टाकत होती. मग तिने डावं मनगट त्यांच्या मांडीवर ठेवलं.

लिंबाजींनी घड्याळ डोळ्यांजवळ धरलं आणि मोजलं. एकशे दहा. पळून आल्यावर एवढी असणारच. ते थांबले. फाटकातून पुढची तुकडी आत गेली. पुन्हा मोजलं. शहाण्णव. उन्हं भिंतीवरून खाली उतरली. दर्शूने हात काढून घेतला नाही.

तिसऱ्यांदा मोजताना त्यांनी पूर्ण मिनिट घेतलं.